गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? कोटेशनवर सही करण्याआधी हे गणित करून बघा

मागच्या महिन्यात मामेभावाने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. शोरूममधल्या कोटेशनचा कागद होता. एक्स-शोरूम किंमत, आरटीओ, इन्शुरन्स, फास्टॅग, ॲक्सेसरीज किट आणि सगळ्यात खाली 'ईडब्ल्यू : १८,५००'. त्याच्याखाली मेसेज, "दादा, हे काय असतं? सेल्सवाला म्हणतोय सगळेच घेतात. अर्ध्या तासात सांग, डॅडी पैसे भरतायत."

मी त्याला लिहिलं, आज हे काढून टाकायला सांग, बाकी रात्री बोलू. त्या रात्री फोनवर जे बोललो तेच इथे जरा नीट मांडून लिहितोय, कारण गेल्या वर्षभरात हाच प्रश्न मला ऑफिसमधल्या तीन जणांनी विचारलाय. फोन घेताना आपण दहा रिव्ह्यू बघतो, पण दहा लाखांच्या गाडीबरोबर येणारा हा वीस हजारांचा कागद कुणीच उघडत नाही.

घाई कुणाला आहे?

एक्स्टेंडेड वॉरंटी डिलिव्हरीच्या दिवशीच घ्यावी लागते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नसतं. बहुतेक कंपन्यांमध्ये मूळ वॉरंटी संपेपर्यंत ती घेता येते. फरक एवढाच की जितका उशीर, तितकी किंमत टप्प्याटप्प्याने वाढते, आणि काही ठिकाणी उशिरा घेताना गाडी आधी तपासून घेतात. त्यामुळे शोरूममध्ये पहिला प्रश्न 'घेऊ का?' हा विचारू नका. "सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, मूळ वॉरंटी संपायच्या आधी, प्रत्येक वेळी किंमत किती पडेल, तो तक्ता दाखवा," असं म्हणा. तक्ता असतोच. दोन वर्षांनी तीन-चार हजार जास्त पडणार असतील, तर त्या पैशात तुम्हाला दोन वर्षं गाडी वापरून बघायला मिळते. आपलं रनिंग किती आहे, गाडी त्रास देते का, दोन वर्षांत ती विकायचीच तर नाही ना, हे सगळं तोवर कळलेलं असतं.

दुसरी गोष्ट कर्जाची. ईडब्ल्यूची रक्कम बऱ्याचदा ऑन-रोड किमतीत मिसळून लोनमध्ये टाकली जाते. १८,५०० रुपये ९ टक्के व्याजाने ७ वर्षांच्या कर्जात गेले, तर महिन्याला साधारण २९८ रुपये हप्ता पडतो आणि शेवटपर्यंत तुम्ही सुमारे २५,००० रुपये भरता. तेही अशा गोष्टीसाठी, जी पहिली तीन वर्षं तुम्हाला लागणारच नाही.

कारण एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते. मारुती सुझुकीचं उदाहरण घ्या. त्यांची मूळ वॉरंटी आधी २ वर्षं किंवा ४०,००० किमी होती. जुलै २०२४ मध्ये ती ३ वर्षं किंवा १ लाख किमी झाली. त्याच्यापुढे चौथ्या वर्षासाठी १.२ लाख, पाचव्यासाठी १.४ लाख आणि सहाव्यासाठी १.६ लाख किमीपर्यंतची पॅकेजेस आहेत. म्हणजे २०२३ मध्ये गाडी घेतलेल्या तुमच्या काकांचा सल्ला त्यांच्यासाठी बरोबर असेलही, पण ते तिसऱ्या वर्षाचे पैसे भरत होते. तुम्हाला ते वर्ष आता आयतंच मिळतंय.

'जे आधी होईल ते'

ही चार शब्दांची अट नीट वाचा, कारण सगळं गणित इथेच फिरतं.

समजा तुमचं महिन्याचं रनिंग ३,००० किमी आहे. पुणे-मुंबई आठवड्यातून दोनदा करणाऱ्याचं एवढं सहज होतं. १ लाख किमी ३३-३४ महिन्यांत पूर्ण होतात, म्हणजे मूळ वॉरंटीच तीन वर्षांच्या आधी संपते. आणि ६ वर्षं किंवा १.६ लाख किमीचं पॅकेज? ते सुमारे ५३ महिन्यांत, म्हणजे साडेचार वर्षं व्हायच्या आतच संपतं. कागदावर सहा वर्षं छापलंय, पैसे सहा वर्षांचे घेतलेत, वापरायला मिळाली साडेचार.

उलट बाजूला वर्क फ्रॉम होमवाला. महिन्याला ४०० किमी, सहा वर्षांत २८,८०० किमी. त्याला किलोमीटरची मर्यादा कधी शिवणारच नाही, पूर्ण सहा वर्षं मिळतील. पण एवढ्या रनिंगमध्ये इंजिन-गिअरबॉक्सला फारसं काही होतही नाही. त्याच्या गाडीत बिघडलं तर एखादा सेन्सर, स्क्रीन, एसी, असलं काहीतरी.

म्हणून आधी मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा आणि पॅकेजची किमी मर्यादा भागिले तुमचं महिन्याचं रनिंग करा. जे उत्तर येईल तितके महिने. ते छापलेल्या वर्षांपेक्षा कमी येत असेल, तर त्या कमी महिन्यांनुसारच किंमत तोला.

बाथटबचा आलेख

इंजिनिअरिंगला रिलायबिलिटीच्या तासाला एक आकृती असायची, बाथटब कर्व्ह. (आमच्या सरांनी ती फळ्यावर इतकी वाकडी काढली होती की तिला वर्गात घमेलं म्हणायचे.) एखाद्या वस्तूचं बिघडण्याचं प्रमाण काळानुसार मांडलं, तर आलेख न्हाणीच्या टबासारखा दिसतो. सुरुवातीला उंच, कारण फॅक्टरीतच सदोष निघालेले पार्ट लगेच मान टाकतात. मग बराच काळ सपाट तळ. आणि शेवटी झीज सुरू झाली की पुन्हा चढ.

गाडीचा पहिला चढ मूळ वॉरंटीत येतो. शेवटचा चढ बऱ्याच गाड्यांना आठ-दहा वर्षांनी येतो, तेव्हा कुठलीच वॉरंटी नसते. एक्स्टेंडेड वॉरंटी बरोबर मधल्या सपाट भागावर बसवलेली आहे. तिथे बिघाड सगळ्यात कमी होतात, म्हणून ती विकणं परवडतं.

तरी सपाट म्हणजे शून्य नव्हे. या काळात जे बिघडतं ते अचानक, कमी वेळा, पण महाग असतं. टर्बोचार्जर, इंजेक्टर, एसीचा कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट. पूर्वीच्या गाडीत मेकॅनिक पार्ट उघडून दुरुस्त करायचा. आता बहुतेक पार्टवर एक सर्किट बोर्ड चिकटलेला असतो, आणि तो गेला की पूर्ण असेंब्ली बदलतात.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या पहिल्या गाडीला मी ईडब्ल्यू घेतली नव्हती. मूळ वॉरंटी संपून पाचवा महिना सुरू होता. कात्रजच्या जुन्या घाटात एका वळणावर स्टीअरिंग एकदम दगडासारखं जड झालं आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. कशीबशी गाडी कडेला घेतली. सर्व्हिस सेंटरने इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगची असेंब्ली बदलावी लागेल म्हणून ३४,००० चं एस्टिमेट दिलं. ईडब्ल्यू मला तेव्हा ९,००० ला मिळत होती. घरी पुढचे दोन महिने काय ऐकून घेतलं असेल, ते तुम्हाला कळेलच.

पण माझा निर्णय चुकला होता का? मला अजूनही तसं वाटत नाही. एका गाडीचं जे झालं त्यावरून निर्णय बरोबर की चूक हे ठरत नाही. त्यासाठी असं गणित करावं लागतं.

एक्स्पेक्टेड व्हॅल्यू, पण घरगुती

पुढचे आकडे मी मानलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. मामेभावाची गाडी साधी पेट्रोल मॅन्युअल. चौथ्या आणि पाचव्या वर्षासाठी १८,५०० रुपये. समजा या दोन वर्षांत ८०,००० चं मोठं बिल येण्याची शक्यता ८ टक्के आहे. ८०,००० गुणिले ०.०८, झाले ६,४००. समजा १५,००० चं मधलं बिल येण्याची शक्यता २५ टक्के. ते झाले ३,७५०. बेरीज १०,१५०. म्हणजे अशा हजार गाड्या असतील, तर दर गाडीमागे सरासरी १०,१५० खर्च येईल आणि प्रत्येक मालक १८,५०० भरतोय. मधले ८,३५० डीलरचं कमिशन, कंपनीचा नफा आणि कर यात जातात. यात फसवणूक काही नाही, कुठलंही संरक्षण असंच विकलं जातं.

आता गाडी बदला. टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक. मोठं बिल दीड लाखाचं धरा, शक्यता १० टक्के. तेवढ्याचेच १५,००० झाले. मधली बिलं मिळून बेरीज २० हजारांच्या आसपास जाते. इथे १८,५०० ला ईडब्ल्यू मिळत असेल तर मी डोळे झाकून घेईन.

पण या गाडीला ती त्या किमतीत बहुधा मिळणार नाही. आणि ही या सगळ्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट आहे. कुठला पार्ट किती वेळा जातो याचा डेटा कंपनीकडे आहे, आपल्याकडे नाही. पण किंमत ठरवताना कंपनीला तो डेटा थोडातरी बाहेर काढावाच लागतो. म्हणून शोरूममध्ये एकाच मॉडेलच्या सगळ्या व्हेरियंटचे ईडब्ल्यूचे दर मागा. मॅन्युअलला १२ हजार आणि ऑटोमॅटिकला ३० हजार असं दिसलं, तर कंपनी कशाला घाबरते ते तुम्हाला कळलं. कुठलाही यूट्यूब रिव्ह्यू हे सांगणार नाही. व्हेरियंट अजून ठरला नसेल, तर ही माहिती ईडब्ल्यूपेक्षाही जास्त कामाची आहे.

सरासरीत तोटा असला तरी घ्यावी, अशी एक परिस्थिती आहे. कंपनीकडे हजार गाड्या आहेत, तुमच्याकडे एकच. उद्या एकदम ८०,००० चं बिल आलं तर काय कराल? एफडी मोडून भरता येत असेल, तर ईडब्ल्यू नसली तरी चालेल. क्रेडिट कार्डावर टाकून हप्ते फेडावे लागणार असतील, किंवा गाडी टॅक्सीसारखी रोजच्या कमाईची नसली तरी तिच्याशिवाय नोकरीवर पोचताच येत नसेल, तर ते आठ हजार जास्त देणं मला वावगं वाटत नाही. (टॅक्सी परमिटच्या गाडीला नियम आणि दर वेगळे असतात, ते स्वतंत्र विचारा.) माझ्याकडे तेव्हा ३४,००० बाजूला होते. नसते, तर मात्र मी चुकलो होतो असंच म्हणालो असतो.

पीडीएफ मागा, ब्रोशर नको

"सगळं कव्हर होतं सर," हे वाक्य जिथे ऐकाल तिथे लगेच म्हणा, "अटींची पीडीएफ व्हॉट्सॲप करा." आली की पहिल्या पानावर बघा, जबाबदारी कुणाची आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीची, की एखाद्या इन्शुरन्स कंपनीच्या आधाराने डीलरने विकलेलं पॅकेज? दुसऱ्या प्रकारात दर कमी असू शकतो, पण क्लेमला वर मर्यादा असू शकते, आणि दुसऱ्या शहरात गाडी बंद पडली तर तिथला डीलर हात वर करू शकतो. माझं मत विचाराल तर घ्यायचीच असेल तर कंपनीची घ्या.

मग वगळलेल्या गोष्टींची यादी. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, बल्ब, रबराचे बुश हे झिजणारे पार्ट, ते नसतातच. टायर आणि १२ व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी त्यांच्या त्यांच्या कंपन्या देतात. उंदराने वायरिंग कुरतडलं तर तेही नाही, आणि पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे किती होतं ते विचारू नका. गंजही सहसा नाही, कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. साचलेल्या पाण्यात इंजिनात पाणी शिरलं तर वॉरंटी कुठलीही असो, काही मिळत नाही. त्यासाठी इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन असतं. मुंबई-ठाण्याकडे राहत असाल आणि दोन्हीपैकी एकालाच पैसे असतील, तर मी ते ॲड-ऑन आधी घेईन. फक्त पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. इंजिन तिथेच मोडतं, आणि इन्शुरन्सवालाही मग वाद घालतो.

सगळ्यात जास्त क्लेम अडतात ते सर्व्हिसवरून. ठरलेल्या किलोमीटरला किंवा महिन्याला सर्व्हिस करायची, थोडी सवलत असते, ती किती हे पीडीएफमध्ये लिहिलेलं असतं. कमी चालवणारे इथे हमखास फसतात. "अजून पाच हजारही झाली नाही," म्हणून वर्षाची सर्व्हिस टाळतात, पण तारीख उलटून गेलेली असते. जे आधी होईल ते, ही अट इथेही आहे.

आणि वायरिंग. हे खास आपल्या वयाच्या लोकांसाठी. बेस व्हेरियंट घ्यायचा आणि बाहेरून मोठी अँड्रॉइड स्क्रीन, ॲम्प्लिफायर, जास्त पॉवरचे हेडलाइट लावायचे, हे सगळेच करतात, मीही केलंय. वायर कापून जोडलेली दिसली की इलेक्ट्रिकलचा क्लेम अडकायला कारण मिळतं. कपलरवर बसणारी वस्तू घ्या, डॅशकॅम १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालवा. इंजिनच्या ईसीयूचं रीमॅप करून 'परत स्टॉक केलं की कळत नाही' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बऱ्याच ईसीयूमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद राहते.

याचा अर्थ बाहेर एकदा ऑइल बदललं की वॉरंटी आपोआप रद्द, असा मात्र नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड केला होता. त्या आदेशात असंही म्हटलं होतं की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये. चुकीच्या दुरुस्तीने जितकं नुकसान झालं, तितक्यापुरतीच ती नाकारावी. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या, त्यामुळे काउंटरवर या आदेशाचा कागद दाखवून भांडण जिंकाल असं समजू नका. क्लेम नाकारला तर कारण लेखी किंवा ईमेलवर मागा, आधी कंपनीच्या कस्टमर केअरला लिहा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही झालं नाही तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ती ऑनलाइनही दाखल होते.

वॉरंटी संपायच्या आधीचे तीन महिने

ईडब्ल्यू घ्या किंवा नको, हे काम सगळ्यांनी करा. मूळ वॉरंटी संपायला तीन महिने असताना गाडी तपासायला न्या. ओबीडी पोर्टला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, तो स्टीअरिंगखाली लावून फोनवरच्या ॲपमध्ये कोड वाचा. दिवा लागलेला नसला तरी 'पेंडिंग' कोड दिसू शकतो. स्वतः तो पुसू नका, स्क्रीनशॉट काढा आणि सर्व्हिस सेंटरला दाखवा. थंड इंजिनाला येणारा आवाज, तिसऱ्या गिअरला बसणारा झटका, कधीतरी अडकणारी काच, जे काही असेल ते जॉब कार्डवर लिहायला लावा. "नॉर्मल आहे सर" म्हणाले तरी लिहा म्हणायचं. वॉरंटीच्या काळात नोंदवलेली तक्रार वॉरंटी संपल्यावर वाढली, तर बोलायला तुमच्या हातात कागद असतो. माझ्या स्टीअरिंगने आधीच्या दोन महिन्यांत एक-दोनदा जडपणा दाखवला होता. मी तो टायरच्या हवेवर ढकलला आणि कुठे लिहिलं नाही. ३४ हजारांतला माझा खरा वाटा तो.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर मुख्य बॅटरीची वॉरंटी वेगळीच असते, बऱ्याच मॉडेल्सना ८ वर्षं किंवा १.६ लाख किमी. त्यामुळे ईडब्ल्यूमध्ये बॅटरी सोडून बाकी काय येतं ते बघा, मोटर आणि आतल्या चार्जरबद्दल स्पष्ट विचारा. जुनी गाडी घेत असाल तर ईडब्ल्यू नव्या मालकाच्या नावावर होते का आणि किती दिवसांत अर्ज करायचा, हे आरसी ट्रान्सफरच्या आधी विचारा.

मामेभावाचं रनिंग महिन्याला ८०० किमी आहे, गिअरबॉक्स मॅन्युअल आहे, आणि मामांकडे लाखभर रुपये बाजूला असतात. त्याने ईडब्ल्यू नको सांगितल्यावर दहा मिनिटांत १८,५०० चे १५,००० झाले. तरी त्याने घेतली नाही, दरांचा तक्ता तेवढा मागून घेतला. गाडी गेल्या शनिवारी घरी आली. फोनच्या कॅलेंडरमध्ये ३३व्या महिन्याचा रिमाइंडर लावलाय आणि त्यात तो तक्ता जोडलाय. स्कॅनर मात्र माझाच न्यायचं ठरलंय त्याचं.